अडीच फूट, साडेपाच फूट

रात्रीचे पावणेदोन. नंदनवनातली वरची खोली.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता पंखा खडखडतो.
मला एक त्रिकोण काढायचा आहे.
एकच. तीन बिंदू, मधे रंग.

कंपाइल होतं सगळं, गुमान.
मग लिंकर येतो तिकीट तपासनिसासारखा
आणि म्हणतो, या आर्किटेक्चरसाठी चिन्हं सापडली नाहीत.
खाली नावांची यादी:
खिडकी उघड. खिडकी दाखव. खिडकी मिट.
मीच बोलावलेली नावं.
लायब्ररी तिथंच आहे, मी बोट ठेवून दाखवते.
तो बघतो, आणि पुन्हा तेच.

खाली अंगणात हेडाऊकाका जागे.
मे महिन्यात ते झोपत नाहीत,
फरशीवर पाणी मारतात, बाजेवर बसून राहतात.
"काऊन व पोरी, काय बिघडलं?"

कठड्यावरून सांगते:
लायब्ररी जुन्या प्रोसेसरची, लॅपटॉप नवा.
दादाच्या जुन्या मशीनवरून सगळं जसंच्या तसं उचलून आणलं,
तेव्हा हेही आलं सोबत, न सांगता.

"म्हंजे डब्बा चांगला हाय, गेज दुसरं हाय."

एकतीस वर्षं मोतीबागेत फिटर होते ते.
"इतवारीले दोन्ही गाड्या आमनेसामने लागत.
इकडं अडीच फूट, तिकडं साडेपाच.
मोहाची पोती हमालाच्या पाठीवरून इकडची तिकडं.
माल पोचे. पोचे नाही असं नाही.
पण डब्बा ढकलून रूळ बदलत नसते, पोरी.
किती बी ढकल."

वर येऊन मशीनला विचारते, तू कोण?
ती जुन्या प्रोसेसरचं नाव सांगते.
दोन दिवस मी लायब्ररीला शिव्या घातल्या,
आणि माझं टर्मिनलच हमालाच्या पाठीवर बसलं होतं,
दुभाष्यातून बोलत होतं माझ्याशी,
आणि मला वाटायचं, थोडं हळू आहे, बस.

एक खूण काढली. टर्मिनल बंद, पुन्हा सुरू.
आता ती आपलं खरं नाव सांगते.
मग मेकफाइल. तिच्यात अजून जुन्या घराचा पत्ता,
जिथली पत्रं अजूनही कोणीतरी घेत होतं.
तो खोडला.
जुन्या ऑब्जेक्ट फाइली पुसल्या, सगळ्या,
एकही राहिली तर पुन्हा भांडण.
सोर्स उतरवला, इथेच, याच प्रोसेसरवर,
रूळ उखडून नव्यानं टाकतात तसा
पहिल्या स्लीपरपासून बांधला.

एक मात्र बांधता येईना.
चित्र वाचणारी छोटी लायब्ररी,
कॉलेजातल्या मेश्राम सरांनी केलेली.
सोर्स नाही, नुसती तयार फाइल.
सर पुण्याला गेले, नंबर लागत नाही.
तिच्या पोटात काय आहे ते तिलाच ठाऊक,
आणि ती बोलते त्या भाषेत इथे कोणी उत्तर देत नाही.
सरांचं नाव कमेंटमध्ये ठेवलं
आणि चाळीस ओळी स्वतः लिहिल्या.
त्यांच्यापेक्षा वाईट. पण माझ्या मशीनच्या.

साडेचार. लिंकर काहीच म्हणाला नाही.
इतका वेळ नाही म्हणणाऱ्याचं गप्प बसणं
पटकन कळत नाही. मी वाट बघत राहिले.

मग काळी खिडकी, आणि तिच्यात तो.
नारिंगी नव्हता, उगाच नागपूर म्हणून.
कूलरच्या पत्र्यासारखा निळा,
आणि उलटा. टोक खाली.
वाय अक्षाचं चिन्ह चुकलंय कुठेतरी.

"काका, झालं! पण उलटं आलं."
बाजेवरून हात वर होतो, अंधारातच.
"आलं न? मंग चालते.
रुळावर आलेली गाडी फिरवाले किती वेळ लागते."